कॅमेऱ्याची पिशवी आणि आदान-निक्षेपण

दिवाळीच्या सुट्टीचे वेध लागले की आपल्या घराघरांतून यात्रेचे बेत सुरू होतात. कोल्हापूर, सांगली, बेळगावकडील कुटुंबे बहुधा दक्षिणेची वाट धरतात. श्रवणबेळगोळ, तेथून घाट उतरून धर्मस्थळ, मग वेणूर, कारकळ आणि मूडबिद्री. कोणी शिखरजीला जातात, कोणी गिरनार-पालिताण्याला. दशम्या किती करायच्या, पाणी गाळण्याचे वस्त्र कोणाच्या पिशवीत ठेवायचे, आजींच्या गोळ्या कोणाजवळ असतील, याच्या याद्या आठवडाभर आधी तयार होतात. मागील अंकात या सदरात शिदोरीचा व औषधांचा विचार केला होता. या महिन्यात अशा एका वस्तूविषयी लिहावयाचे आहे, जी घरातील महागड्या वस्तूंपैकी एक असूनही कोणत्याच यादीत नसते. ती वस्तू म्हणजे कॅमेरा.

निघण्याच्या सकाळी तो कपाटातून काढला जातो, घाईने कोणाच्या तरी गळ्यात अडकवला जातो, आणि पुढील आठ दिवस तो गाडीच्या आसनावर, धर्मशाळेच्या खिडकीत, मंदिराबाहेरच्या कट्ट्यावर जागा मिळेल तसा पडून राहतो. वस्तू बिघडते किंवा हरवते ती बहुधा अशाच वेळी. वापरताना ती हातात असते, तेव्हा तिला सहसा काही होत नाही. घात होतो तो उचलताना आणि ठेवताना.

आपल्या शास्त्रकारांनी नेमक्या या दोन क्षणांकडे लक्ष वेधले आहे. ईर्या, भाषा, एषणा, आदान-निक्षेपण आणि उत्सर्ग या पाच समित्या तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात सांगितल्या आहेत. त्यांतील चौथी म्हणजे वस्तू पाहून, झाडून, सावकाश उचलणे आणि तशीच पाहून ठेवणे. हे मुनींचे आचरण असले तरी श्रावकाला त्यातून पूर्ण सूट आहे असे नव्हे. त्याच ग्रंथाच्या सातव्या अध्यायात प्रोषधोपवासाचे अतिचार सांगताना, न पाहता व न झाडता वस्तू उचलणे हा दोष गणला आहे. त्यामागील हेतू जीवरक्षेचा आहे, कॅमेऱ्याच्या रक्षणाचा नाही, हे उघड आहे. परंतु ज्याच्या हाताला पाहून उचलण्याची आणि पाहून ठेवण्याची सवय लागली, त्याच्याकडून मुंगीही चिरडत नाही आणि काचही फुटत नाही. सवय एकच, लाभ दोन.

किती न्यावे?

रक्षणाची पहिली पायरी म्हणजे परिमाण. जे नेलेच नाही, ते हरवत नाही. अनर्थदंडव्रताच्या अतिचारांत उपभोग-परिभोगानर्थक्य म्हणजे गरजेपेक्षा अधिक साधनांचा संग्रह याचाही समावेश आहे. आपल्या तरुणांच्या कॅमेऱ्याच्या पिशव्या पाहिल्या की या अतिचाराचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. एक कॅमेरा, तीन लेन्स, वेगळा फ्लॅश, तिपाई, दोन चार्जर असे पाच-सहा किलो वजन सहज होते. विंध्यगिरीच्या खडकात कोरलेल्या सुमारे साडेसहाशे पायऱ्या अनवाणी चढताना त्या वजनाची किंमत गुडघ्यांना मोजावी लागते. शिखरजीची वंदना तर चढण, टोंकांची प्रदक्षिणा आणि उतरण मिळून सुमारे 27 किलोमीटरची. गिरनारच्या पायऱ्या दहा हजारांच्या घरात. तेथे एक किलोदेखील दहा किलोंसारखा वाटू लागतो.

यात्रेसाठी एक कॅमेरा आणि एकच मध्यम पल्ल्याची झूम लेन्स बहुतेकांना पुरे होते. श्रवणबेळगोळला भगवान बाहुबलींची मूर्ती सुमारे 57 फूट उंच आणि सभोवारचे अंगण मर्यादित. त्यामुळे तेथे दूरचे जवळ आणणारी लांब लेन्स उपयोगी पडत नाही, रुंद आवाका घेणारी लागते. कॅमेऱ्यासोबत मिळणारी 18 ते 55 मिलिमीटरची साधी लेन्स ते काम करते. तिपाई घरीच ठेवावी. गर्दीच्या पायऱ्यांवर ती इतरांच्या पायांत येते, आणि पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील लेण्यांत व स्मारकांत तिच्यासाठी वेगळी परवानगी लागते. ज्यांच्या घरी चांगला मोबाईल आहे, त्यांनी शिखरजीसारख्या दीर्घ वंदनेला केवळ तोच न्यावा आणि कॅमेरा खालच्या धर्मशाळेत जबाबदार माणसाजवळ ठेवावा. त्यात कमीपणा काही नाही.

निघण्यापूर्वी प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक वहीत लिहून ठेवावा. कॅमेऱ्याचा क्रमांक त्याच्या तळाशी असतो, लेन्सचा तिच्या कड्यावर. खरेदीची पावती आणि या क्रमांकांचे मोबाईलने घेतलेले चित्र घरातील दोघांजवळ असावे. चोरी झाल्यास पोलिसांकडे फिर्याद नोंदवताना आणि विमा असल्यास तो मागताना हेच कागद कामी येतात. परदेशी जाणाऱ्यांनी महागडी सामग्री नेताना विमानतळावरील सीमाशुल्क कक्षाकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे, म्हणजे परत येताना ती नवी आणली असा संशय येत नाही.

पिशवी कोणती?

आपल्या वाचकांनी पिशवी निवडताना एक गोष्ट आवर्जून पाहावी. बहुतेक तीर्थांवर चामड्याच्या वस्तू आत नेऊ देत नाहीत. आपण कमरेचा पट्टा व पाकीट गाडीतच काढून ठेवतो, परंतु कॅमेऱ्याच्या पट्ट्याची दोन टोके चामड्याची आहेत हे अनेकांच्या ध्यानातही नसते. काही पिशव्यांच्या मुठींना आणि बंदांनाही चामडे लावलेले असते. नायलॉन किंवा जाड कापडाची पिशवी आणि कापडी पट्टा हा सोपा उपाय आहे. लेन्स पुसण्यासाठी पूर्वी शॅमॉय नावाचे मऊ कातडे वापरीत. आज मायक्रोफायबरचे कापड त्याहून चांगले काम देते. धूळ झाडण्याचा मऊ ब्रश बहुधा प्राण्याच्या केसांचा असतो. त्याऐवजी कृत्रिम तंतूंचा घ्यावा, किंवा हवा मारण्याचा रबरी फुगा वापरावा. तो काचेला स्पर्शही करीत नाही, म्हणून अधिक सुरक्षित. तोंडाने फुंकर मात्र मारू नये. फुंकरीबरोबर लाळेचे सूक्ष्म थेंब काचेवर बसतात.

येथे एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. जुन्या काळातील फिल्मवरील थर जिलेटिनचा असे, आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात. आज हौसेने पुन्हा फिल्मचे कॅमेरे वापरू लागलेल्या तरुणांनी हे जाणून घ्यावे. डिजिटल तंत्राने आपल्यापुढील एक प्रश्न नकळत सोडविला आहे.

पिशवीची दुसरी कसोटी म्हणजे ती कॅमेऱ्याची वाटू नये. कंपनीचे ठळक नाव असलेली चकचकीत पिशवी आत काय आहे ते सर्वांना सांगत सुटते. साधी, आतून गादीचे कप्पे असलेली, पाठीवर दोन्ही खांद्यांना येणारी पिशवी उत्तम. एका खांद्यावरची पिशवी पायऱ्यांवर वाकताना पुढे झोके घेते आणि तोल जातो. गर्दीत मात्र पाठीवरची पिशवी छातीवर घ्यावी. नवी पिशवी घ्यावयाची नसेल तर जुन्या शाळेच्या दप्तरात जाड टॉवेलची घडी तळाशी व बाजूंना घालून चांगले कप्पे होतात. तळाची घडी सर्वांत जाड असावी, कारण बहुतेक धक्के पिशवी खाली ठेवताना बसतात.

गाडी, रेल्वे आणि विमान

स्वतःच्या गाडीने जाताना कॅमेरा मागच्या काचेखाली ठेवण्याची पद्धत आहे. ती दोन कारणांनी चुकीची. बंद गाडी उन्हात उभी राहिली की आतील उष्णता बॅटरीला आणि लेन्समधील वंगणाला बाधते. शिवाय बाहेरून वस्तू दिसते. थांब्यावर उतरताना पिशवी डिकीत ठेवू असेही काही जण म्हणतात. ठेवायचीच असेल तर निघतानाच ठेवावी. मुक्कामाच्या जागी, लोकांच्या देखत डिकी उघडून ठेवणे म्हणजे जागा दाखवून देणे होय. विमा असल्यास त्याच्या अटी आधी वाचाव्यात. रिकाम्या गाडीत सोडलेल्या वस्तूंना संरक्षण आहे की नाही, हे त्यांतच लिहिलेले असते.

रेल्वेत रात्रीचा प्रवास असेल तर मोठे सामान बाकाखालच्या कडीला साखळीने बांधावे. कॅमेऱ्याची पिशवी तेथे ठेवू नये. ती भिंतीच्या बाजूला, उशाशी, तिचा बंद हाताला अडकवून ठेवावी. स्थानक येण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात सगळे आवराआवरीत असतात, तेव्हा पिशवीचे काम एकाच व्यक्तीकडे सोपवावे. सर्वांनी लक्ष ठेवायचे ठरले की कोणाचेच राहत नाही. चोरी झालीच तर 139 या रेल्वेच्या मदत क्रमांकावर कळवून रेल्वे पोलिसांकडे फिर्याद द्यावी.

विमानाने जाणाऱ्यांसाठी नियम स्पष्ट आहेत. कॅमेऱ्याच्या सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक सोबतच्या सामानातच न्याव्या लागतात. खाली जमा करावयाच्या बॅगेत त्यांना मनाई आहे, कारण लिथियमच्या बॅटरीने पेट घेतल्यास सामानकक्षात ती आग वेळीच कळत नाही. मर्यादा 100 वॉट-तासांची आहे. बॅटरीवरील मिलिअँपिअर-तासांच्या आकड्याला व्होल्टने गुणून हजाराने भागले की वॉट-तास मिळतात. कॅमेऱ्याची बॅटरी बहुधा 7 ते 15 वॉट-तासांची असते. 20,000 मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक 3.7 व्होल्टच्या हिशेबाने 74 वॉट-तासांची भरते. सुट्या बॅटरीची धातूची टोके नाणी वा किल्ल्यांना लागू देऊ नयेत. प्रत्येक बॅटरी वेगळ्या लहान पिशवीत घालावी. तपासणीच्या क्ष-किरण यंत्राने मेमरी कार्डातील चित्रांना काही होत नाही, म्हणून ती भीती मनातून काढावी.

दमट हवा आणि बुरशी

दक्षिणेच्या यात्रेत श्रवणबेळगोळपर्यंत हवा कोरडी असते. घाट उतरून धर्मस्थळ, वेणूर, कारकळकडे वळलो की हवा बदलते. समुद्र जवळ येतो आणि दमटपणा वाढतो. वातानुकूलित गाडीतून किंवा खोलीतून थंडगार कॅमेरा एकदम बाहेर काढला की लेन्सवर धुके धरते. जे बाहेर दिसते ते पुसता येते, परंतु आतही थोडा ओलावा शिरतो आणि तोच पुढे त्रास देतो. उपाय अगदी सोपा आहे. उतरण्यापूर्वी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करावा आणि बाहेर आल्यावर वीस-तीस मिनिटे तसाच राहू द्यावा. बाहेरचे पाणी पिशवीवर धरते. कॅमेरा बाहेरच्या हवेइतका उबदार झाला की पिशवी उघडावी.

यात्रेहून परत आल्यावर पिशवी तशीच कपाटात टाकणे हा सर्वांत मोठा अपाय. अंधार, ओलावा आणि बंदिस्त जागा मिळाली की लेन्सच्या आत बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू वाढतात. त्यांतून निघणारी आम्ले काचेवरील लेप खातात, आणि तो लेप पुन्हा पूर्ववत होत नाही. आपल्या परंपरेत बुरशीला अनंतकायात गणले आहे. म्हणूनच आपल्या घरच्या स्त्रिया पापड, लोणचे, मसाला यांना बुरस येऊ नये म्हणून इतकी दक्षता घेतात. बुरशी उगवल्यानंतर पुसून काढणे म्हणजे अनंत जीवांचा घात आणि खिशालाही मोठा खर्च. ती उगवू न देणे हा यत्नाचार. कॅमेऱ्याच्या बाबतीत दुरुस्ती करणारा कारागीर आणि शास्त्र या दोघांचे म्हणणे येथे तंतोतंत जुळते.

त्यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. घट्ट झाकणाचा मोठा डबा घ्यावा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि बाजारात मिळणारा लहानसा आर्द्रतामापक ठेवावा. काटा 40 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान असावा. 60च्या वर सतत राहू लागला तर जेल बदलावे किंवा सुकवावे. रंग बदलणारे जेल ओले झाल्याचे आपोआप दाखविते. निळे गुलाबी होते, नारिंगी हिरवे होते. निळ्या जातीत कोबाल्टचा विषारी क्षार असतो, म्हणून नारिंगी घ्यावे, आणि कोणतेही जेल स्वयंपाकघरातील डब्यांपासून दूर ठेवावे. तांदळात कॅमेरा पुरून ठेवण्याचा सल्ला काही जण देतात. तो मानू नये. तांदळाची पूड यंत्राच्या सांध्यांत जाते. पंधरा दिवसांतून एकदा कॅमेरा बाहेर काढून हवा लागू द्यावी आणि दोन-चार चित्रे घ्यावीत. वापरातल्या वस्तूला बुरशी सहसा लागत नाही.

तीर्थावर

अनवाणी पायांनी तापलेल्या खडकावर चालताना लक्ष पायांकडे हवे. चालताना डोळा कॅमेऱ्याला लावणे हे ईर्यासमितीच्या नेमके उलट आहे, आणि पायऱ्यांवर तर ते धोक्याचेही आहे. थांबावे, बाजूला व्हावे, पट्टा मनगटाला गुंडाळावा, मगच चित्र घ्यावे. पट्टा गळ्यात असला तरी वाकून नमस्कार करताना कॅमेरा दगडावर आपटतो. नमस्कारापूर्वी तो पाठीकडे सरकवावा, किंवा त्याहून बरे म्हणजे पिशवीत ठेवावा. लेन्स बदलायची झाल्यास वाऱ्याकडे पाठ करून, कॅमेरा बंद करून, त्याचे तोंड खाली धरून बदलावी, म्हणजे धूळ आत पडत नाही. डोंगरावरच्या तीर्थांवर माकडेही असतात. पिशवीतून कागदाचा आवाज आला की त्यांना खाऊचा भास होतो. कॅमेऱ्याच्या पिशवीत खाद्यपदार्थ ठेवू नयेत, हा नियम मुलांना आधीच सांगावा.

शिखरजीची वंदना पहाटे अंधारात सुरू होते आणि हिवाळ्यात वर चांगलीच थंडी असते. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. जादा बॅटरी अंगातील आतल्या खिशात ठेवली तर अंगाच्या उबेने टिकते.

अभिषेकाच्या वेळी वेगळी दक्षता हवी. श्रवणबेळगोळचा महामस्तकाभिषेक साधारण बारा वर्षांनी होतो, मागील 2018 साली झाला. त्यात जल, नारळाचे पाणी, उसाचा रस, दूध, हळद, चंदन यांच्या धारा होतात. लहान-मोठ्या प्रमाणावर पंचामृत अभिषेक आपल्या अनेक क्षेत्रांवर नित्य होतो. पाण्याचा शिंतोडा वाळून जातो, परंतु उसाचा रस आणि दूध वाळले की चिकट होतात, बटणे अडकतात, आणि गोडाला मुंग्या येतात ते निराळेच. वारा ज्या दिशेने वाहतो त्या दिशेला उभे राहू नये. स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीला लेन्सपुरते भोक पाडून रबराने बसवावे. शिंतोडा उडालाच तर वाळण्याची वाट न पाहता किंचित ओल्या कापडाने टिपून, मग कोरड्याने पुसावे.

प्रत्येक तीर्थाचे नियम वेगळे असतात. दिलवाड्याच्या मंदिरांत छायाचित्रणाला पूर्ण बंदी आहे. राणकपूरला शुल्क भरून मंदिराची चित्रे घेता येतात, परंतु भगवंतांच्या मूर्तींची घेता येत नाहीत. मूडबिद्रीची हजार खांबांची बसदी 1430 सालची आणि कारकळची बाहुबलींची मूर्ती 1432 सालची. ही स्थळे पाहताना बाहेरचे शिल्प मनसोक्त टिपावे, गाभाऱ्याजवळ मात्र व्यवस्थापकांना विचारल्यावाचून कॅमेरा उचलू नये. भित्तिचित्रे आणि ताडपत्रे यांच्यासमोर फ्लॅश कधीही वापरू नये. मुनिमहाराज किंवा माताजी सामायिकात, आहारात वा स्वाध्यायात असताना चित्र घेण्याचा मोह टाळावा, आणि एरवीही सोबतच्या ब्रह्मचारी मंडळींना आधी विचारावे.

बंदी असेल तेथे प्रश्न उभा राहतो की कॅमेरा ठेवायचा कोठे. चपलांच्या रांगेत, फुलवाल्याजवळ किंवा अनोळखी दुकानदाराकडे तो सोडू नये. कुटुंबाचे दोन गट करावेत. एक दर्शनाला जाईल, दुसरा सामानाजवळ बसून जप करील, मग पाळी बदलावी. जो गट बाहेर बसतो त्याचे पुण्य कमी होत नाही, उलट घाईचे दर्शन निवांत होते.

वस्तू आणि आठवण

आतापर्यंत जे लिहिले ते वस्तूच्या रक्षणाविषयी. परंतु वस्तू पुन्हा घेता येते. ओळखीच्या एका कुटुंबाची हकीकत सांगतो. दोघे भाऊ आणि एक बहीण आपल्या वृद्ध आईला घेऊन शिखरजीला गेले. आईची अनेक वर्षांची इच्छा होती. डोलीत बसून तिने वंदना केली. पार्श्वनाथ टोंकावर ती बराच वेळ हात जोडून बसली होती. धाकट्याने त्या तीन दिवसांत शेकडो चित्रे घेतली. परतीच्या प्रवासात रात्री गाडीत पिशवी चोरीला गेली. कॅमेरा, दोन्ही कार्डे, चार्जर, सारे एकाच ठिकाणी होते. फिर्याद दिली, विम्याचे पैसे यथावकाश मिळाले, नवा कॅमेरा आला. पुढच्या आषाढात आई गेली. बहिणीने पहिल्या संध्याकाळी सहज आपल्या मोबाईलमध्ये उतरवून घेतलेली अकरा चित्रे होती. त्यांत पायथ्याची धर्मशाळा आहे, भोजनाची पंगत आहे, काठी टेकून उभी असलेली आई आहे. टोंकावरचे एकही नाही. त्या अकरांतलेच एक आज त्यांच्या दिवाणखान्यात आहे. बहीण म्हणते, त्या संध्याकाळी दहा मिनिटे लागली होती. पुढच्या दोन संध्याकाळी दमल्यामुळे राहून गेले.

म्हणून यात्रेत रोज संध्याकाळी, भोजन आटोपल्यावर, ही दहा मिनिटे राखून ठेवावीत. दिवसभराची चित्रे मोबाईलमध्ये किंवा लहान पेन ड्राइव्हमध्ये उतरवून घ्यावीत. प्रत दुसऱ्याच्या पिशवीत जावी. कॅमेरा आणि त्याची प्रत एकाच पिशवीत राहिली तर प्रत केल्याचा उपयोग नाही. एकच मोठे कार्ड नेण्यापेक्षा दोन-तीन लहान कार्डे न्यावीत आणि भरलेले कार्ड आईच्या किंवा काकूंच्या पर्समध्ये, औषधांच्या डबीशेजारी द्यावे. औषधांची डबी कोणी विसरत नाही. जागा करण्यासाठी प्रवासात चित्रे पुसत बसू नये, तो उद्योग घरी येऊन करावा. आणि चुकून पुसली गेलीच, तर त्या कार्डावर पुढे एकही नवे चित्र घेऊ नये. ते बाजूला काढून ठेवावे. त्यावर नवे काही लिहिले गेले नसेल तर जाणकाराकडून बरीच चित्रे परत मिळविता येतात.

आणखी एक सूचना वयोवृद्धांविषयी. चित्रे घेणारा मुलगा बहुधा स्वतः कोणत्याच चित्रात नसतो. रोज एकदा तरी कॅमेरा दुसऱ्याच्या हाती देऊन आई-वडिलांच्या शेजारी जाऊन उभे राहावे. तेवढ्यापुरता पट्टा त्याच्या गळ्यात घालून द्यावा, म्हणजे हातातून निसटला तरी जमिनीवर पडत नाही.

छायाचित्रकार म्हणतात की सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा प्रकाश सर्वांत सुंदर असतो. आपल्या मंडळींची अडचण अशी की सूर्यास्तापूर्वीची ती सुवर्णवेळ नेमकी भोजनाची असते. या पेचावर वाद घालण्याचे कारण नाही. सकाळचा प्रकाश तितकाच सुंदर, हवा थंड आणि गर्दीही विरळ. सकाळी चित्रे, संध्याकाळी पंगत, असे वेळापत्रक ठेवले की व्रतही पाळले जाते आणि पिशवीही काळोख पडण्यापूर्वी आवरून होते.

आदान आणि निक्षेपण या दोहोंत आपण निक्षेपणाकडे कमी लक्ष देतो. उचलण्याची हौस असते, ठेवण्याचा कंटाळा. विंध्यगिरीवर शेवटची पायरी चढून अंगणात पाऊल टाकताच समोर ती भव्य शांत मूर्ती उभी राहते, आणि शेकडो हात एकदम कॅमेऱ्याकडे जातात. हजाराहून अधिक वर्षे ती तेथे आहे, आपल्या चित्रासाठी पाच मिनिटे थांबायला तिची हरकत नाही. आधी कॅमेरा पिशवीत, बंद लावलेला, पिशवी पायाशी नव्हे तर आपल्या ओळखीच्या हातात. मग दर्शन. मग, मन भरल्यावर, एखादे चित्र. घरी आल्यावर मुलांनी मूर्ती कशी होती असे विचारले, तर उत्तर देण्यासाठी कार्ड शोधावे लागू नये.

पुढील अंकात यात्रेतील पाण्याचा आणि ते गाळण्याच्या सोयीचा विचार करू. सर्व यात्रेकरूंना मंगल प्रवासाच्या शुभेच्छा. जय जिनेंद्र.